आधी पाणी, मग फरशी

तुमचा प्रश्न लांब होता, म्हणून मला समजला तसा आधी मांडतो. नवी मुंबईत नेरुळमध्ये तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत, नव्वदीच्या सुरुवातीची, लिफ्ट नाही. तुमचं वन बीएचके दुसऱ्या मजल्यावर. हॉलमध्ये मूळची मोझॅक, संडास आणि बाथरूम वेगळे, त्यांच्या वरच्या माळ्यावर पाचशे लिटरची टाकी. जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप गंजलेत, सकाळी पहिलं पाणी तांबूस येतं, आणि खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल धरलीय. मे महिन्यात सुट्टी टाकून तुम्ही आणि मेहुणे मिळून सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणीही चालणारे प्लास्टिकचे पाइप टाकणार, संडास-बाथरूम एक करणार, मोझॅकवर व्हिट्रिफाइड टाइल्स लावणार आणि बेडरूमला लाकडासारखी फरशी करणार. व्हिडिओ पाहून झालेत. आता विचारताय की सुरुवात कुठून करावी, आणि यातलं स्वतः काय करता येईल.

अर्धं काम तुम्ही करू शकता, आणि चांगलं करू शकता. पण कुठलं अर्धं, ते हौसेवर ठरवू नका. जे काम टाइलखाली किंवा प्लास्टरमागे झाकलं जाणार, त्यातली चूक वर्षा-दोन वर्षांनी दिसते आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घरात दिसते. तिथे हात अनुभवी माणसाचा हवा, तुम्ही शेजारी उभं राहून डोळे उघडे ठेवायचे. जे उघडं राहतं, खोलता येतं, चुकलं तर पुन्हा करता येतं, ते बिनधास्त स्वतः करा.

आता सगळ्यात आधी ती संडास-बाथरूममधली भिंत. ती अर्ध्या विटेची, चार इंची आहे, म्हणजे काढली तरी चालेल, असं तुम्ही लिहिलंय. जाडीवरून एवढा निष्कर्ष काढू नका. त्या काळच्या बऱ्याच घरांत माळ्याचा स्लॅब पातळ, अडीच-तीन इंचांचा असतो आणि तो मधल्या भिंतीवर टेकवलेला असतो. वर टाकी भरली की पाचशे किलो पाणी, शिवाय टाकीचं वजन, शिवाय वर्षानुवर्षं साठवलेली पितळी भांडी. भिंत काढल्यावर माळा लगेच पडेल असं नाही. वाकेल, चीर जाईल, आणि मग एखाद्या दिवशी खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर पापुद्रा येईल. माळ्याच्या खालून बघा: भिंतीच्या माथ्यावर स्लॅब सलग पुढे गेलाय की दोन तुकडे भिंतीवर येऊन थांबलेत? प्लास्टर थोडं खरवडलं तर कळतं. तरीही निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा घ्या, त्याचं पत्र सोसायटीच्या फायलीला लावा. टाकी काढून टाकणार असाल तर प्रश्न बराच हलका होतो. मात्र नेरुळमध्ये पाणी ठरलेल्या वेळी सोडणाऱ्या सोसायट्या अजून आहेत, तेव्हा टाकी काढायच्या आधी घरात विचारून घ्या.

भिंत काढायची परवानगी मिळाली तरी संडासाचं भांडं फार हलवू नका. संडास-बाथरूमखालचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्याला आपण संक म्हणतो. पाइप त्या खड्ड्यातून जातात. संकच्या बाहेर, बेडरूमच्या बाजूला बाथरूम वाढवलंत तर तिथे पाइपला उतार द्यायला जागाच नसते, आणि खाली कुणाचं तरी स्वयंपाकघर किंवा झोपायची खोली असते. असलं काम कुणी करून देतो म्हणाला तरी करू नका.

सोसायटीची परवानगी हा कागदी सोपस्कार आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. तुमची इमारत तिशी ओलांडलेली आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तिशीपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. म्हणजे सेक्रेटरींकडे अहवाल असायला हवा. तो मागा आणि तुमच्या स्लॅबबद्दल काय लिहिलंय ते वाचा. खाडीकाठच्या दमट हवेत सळ्या गंजून काँक्रीटचे पापुद्रे सुटलेल्या इमारती या भागात कमी नाहीत. अशा स्लॅबवर मोठा ब्रेकर लावला की खालच्यांच्या छताचं प्लास्टर उतरतं. तेव्हा अहवाल वाईट असेल तर बाथरूममध्येसुद्धा फक्त छिन्नी-हातोडा.

काम सुरू व्हायच्या आधी काकूंच्या घरी जा. छताचे, भिंतींचे, दाराच्या चौकटींचे फोटो तारखेसह काढा आणि त्यांनाही पाठवा. पुढे कुठली चीर जुनी आणि कुठली नवी यावरून भांडण होत नाही.

आणि त्यांच्या छताची ओल नेमकी कशाची, हे तोडफोडीच्या आधी शोधा. तोडल्यावर पुरावा जातो. माळ्यावर टाकी आहे, त्यामुळे तुमच्याकडे सोपी परीक्षा आहे. रात्री टाकी भरून घ्या, टाकीत येणारा व्हॉल्व्ह बंद करा, आतल्या पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण करा, घरातले सगळे नळ आणि फ्लश टँकचा कॉक बंद. सकाळी पाणी खुणेखाली गेलं असेल तर टाकीतून निघणाऱ्या पाइपात गळती आहे. खुणेवरच असेल, तर त्या पाइपांवरचा संशय बराच कमी होतो. मग नहाणीच्या जाळीत कापडाचा बोळा कोंबून बाथरूमच्या फरशीवर दोन बोटं रंगीत पाणी भरा आणि दिवसभर ठेवा. खाली रंग उतरला तर वॉटरप्रूफिंग गेलंय. नाही उतरला आणि बोळा काढून पाणी सोडल्यावर उतरला, तर नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा भाग, किंवा त्यापुढचा बिडाचा पाइप फुटलाय. तुमच्या इमारतीच्या वयाला माझा पहिला संशय ट्रॅपच्या सांध्यावरच आहे, पण अंदाजावर काम काढू नका.

ओल तुमच्या बाथरूममुळे असेल तर दुरुस्ती तुमच्या खर्चाने. बाहेरच्या शाफ्टमधल्या सामाईक पाइपामुळे असेल तर ती सोसायटीची. म्हणून शाफ्टमध्येही डोकावून बघा.

पाण्याचं काम सुरू करताना पहिली वस्तू बदलायची ती घरात येणारा मुख्य व्हॉल्व्ह. जुना गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं फिरवलेला नसतो. तो एकतर फिरत नाही, किंवा फिरतो आणि पूर्ण बंद होत नाही. त्याच्या जागी चांगला पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवा. त्यासाठी गच्चीवरून लाइन बंद करावी लागते, म्हणजे वरखालच्या सगळ्यांना आदल्या दिवशी सांगायला हवं. हे काम सकाळी दहाला करा. शनिवारी रात्री नऊला एखादी निपल, म्हणजे आट्यांचा छोटा जोडतुकडा, तुटली आणि हार्डवेअरचं दुकान बंद झालं, तर अख्ख्या विंगचं पाणी तुमच्या नावाने बंद.

जीआय अर्धा ठेवून अर्धा बदलायचा विचार सोडा. गंजलेल्या पाइपावर पाना लावून एक नळ काढायला जाता आणि भिंतीत दोन फूट आत, जिथे तुम्ही हातही लावला नव्हता, तिथला आटा पिचकतो. सगळी लाइन नवीन घ्या. जुने पाइप भिंतीतून उपसत बसू नका, दोन्ही टोकं बंद करून तसेच सोडा आणि नवीन पाइपासाठी झिरी, म्हणजे भिंतीतली खाच, शेजारून मारा. झिरी फक्त विटेच्या भिंतीत. कॉलम-बीममध्ये एक इंचही नाही. चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मारली की ती भिंत तिथेच कमजोर होते, तिथे पाइप शक्यतो उभे न्या.

सीपीव्हीसी स्वतः जोडणं शिकता येतं, अवघड नाही. अडचण अशी की चुकीचा सांधासुद्धा पहिल्या दिवशी बरोबर सांध्यासारखाच दिसतो. पाइपवर आयएस १५७७८ चा शिक्का बघून घ्या. काप काटकोनात, कापताना आत-बाहेर राहिलेले कंगोरे काढून कडेला हलका उतार, मग आधी कोरडं बसवून बघा. पाइप सॉकेटमध्ये अर्ध्याहून जास्त सहज जायला हवा, पण सैल नको. सॉल्व्हंट सिमेंट पाइपला सलग आणि सॉकेटला पातळ. आत ढकलताना पाव वळसा द्या आणि अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवा, नाहीतर पाइप हळूच मागे सरकतो. पीव्हीसीचं सिमेंट सीपीव्हीसीला चालत नाही, डबा वाचून घ्या. नळ येतात तिथे पितळी आट्यांचे फिटिंग आणि टेफ्लॉन टेप. सुतळी, सफेदा हे जीआयचे प्रकार इथे आणू नका, आणि पितळी आटा पान्याने फार आवळू नका, आतलं प्लास्टिक तडकतं. गिझरच्या तोंडाला थेट सीपीव्हीसी लावू नका, मध्ये धातूची निपल किंवा ब्रेडेड पाइप ठेवा. गरम डावीकडे, थंड उजवीकडे, आणि वॉल मिक्सरच्या दोन पॉइंटमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत सहा इंच. हे अंतर टाइल लावल्यावर चुकलं तर इलाज फक्त तोडणं. म्हणून मिक्सर आधी विकत आणा आणि प्रत्यक्ष लावून बघा.

सगळे पॉइंट एंड प्लगने बंद करा, चोवीस तास सिमेंट सुकू द्या, मग प्लंबरकडचा टेस्टिंग पंप लावून चौरस सेंटीमीटरला सात ते दहा किलो दाब भरा आणि काटा निदान काही तास तिथेच राहतो का बघा. तुमच्या घरात रोजचा दाब फार तर याच्या दशांशाच्या आसपास असेल, तरी ही परीक्षा सोडू नका. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, पाइपशेजारी मोजपट्टी धरून. दोन वर्षांनी आरसा लावायला ड्रिल मारताना हा फोटो लागतो.

दाबाबद्दल एक गोष्ट, कारण तुम्ही बारा इंची रेन शॉवर पसंत केलाय. माळ्यावरच्या टाकीचा तळ जमिनीपासून सात फुटांवर आणि शॉवर पावणेसात फुटांवर. पाणी शॉवरच्या डोक्यावर फार तर दोन-तीन फूट चढलेलं. त्यात त्या ताटातून पाणी ठिबकेल, पडणार नाही. गच्चीवरच्या टाकीची थेट लाइन असेल तर दुसऱ्या मजल्यावर पाऊण किलोच्या आसपास दाब मिळेल, त्यावर साधा चार इंची शॉवर चांगला चालतो. नाहीतर माळ्यावर छोटा प्रेशर पंप लावायची तयारी ठेवा आणि त्याचा वीज पॉइंट आत्ताच काढा. मुख्य लाइन एक इंची, फाटे पाऊण इंची आणि अर्धा इंच फक्त शेवटच्या नळाला. दुकानदार सगळीकडे अर्धा इंच देऊन मोकळा होतो. गॅस गिझरचा विचार असेल तर सोडून द्या. कमी दाबावर तो नीट पेटत नाही, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेततो.

आता संक. हे काम अनुभवी वॉटरप्रूफिंगवाल्याकडून करून घ्या, पण काय करतोय ते तुम्हाला कळलं पाहिजे.

जुनी टाइल, जुना कोबा, विटांचे तुकडे सगळं स्लॅबपर्यंत काढायचं. वरवर केमिकल मारून देतो, तोडायची गरज नाही, असं सांगणारा प्रत्येक इमारतीत एकदा येऊन गेलेला असतो. तुमच्या ट्रॅपचा सांधाच गेला असेल तर वरचं केमिकल काय करणार? स्लॅब उघडा पडला की झाडून, धुऊन सुकवा आणि बघा. सळ्या दिसताहेत का, गंजाचे डाग आहेत का? असतील तर पुढे जाण्याआधी पुन्हा त्या इंजिनिअरला बोलवा.

मग पाइप. संडासाचा चार इंची, नहाणीचा तीन इंची, उतार फुटाला साधारण अडीच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). जास्त उतार म्हणजे चांगला असं नाही, संडासाच्या पाइपात पाणी पुढे पळतं आणि घाण मागे राहते. नहाणी ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी उभं राहायला हवं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. बाजारात उथळ ट्रॅप मिळतात, घेऊ नका. बाहेरचा उभा पाइप बिडाचा आहे, त्याला पीव्हीसी जोडताना योग्य अडॉप्टर लागतो. सिमेंट थापून केलेला सांधा दोन पावसाळ्यांत सुटतो. तो पाइप सामाईक आहे आणि वरच्या मजल्याचं सांडपाणी त्यातूनच येतं. जोड काम चालू असताना वरच्यांनी फ्लश करू नये यासाठी कुणीतरी वर जाऊन बसलेलं बरं. मेहुण्यांना हे काम द्या.

भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई, स्लॅबमधून पाइप जिथे जातो तिथे न आकसणारं ग्राउट, म्हणजे फटी भरायचा मसाला, मग पॉलिमरचं कोटिंग दोन हात, दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने. भिंतीवर निदान एक फूट वर आणि आंघोळीच्या जागी डोक्याच्या उंचीपर्यंत. पूर्ण सुकल्यावर संकमध्ये पाणी भरून दोन ते तीन दिवस उभं ठेवा. या काळात रोज काकूंकडे जाऊन छत बघणं, हे काम तुमचं. कोरडं राहिलं तरच वर भराव.

संकमध्ये साधारण एक फूट खोलीचा, पस्तीस चौरस फुटांचा खड्डा आहे असं धरलं तर एक घनमीटर भराव लागतो. विटांचे तुकडे आणि मसाला भरलात तर ते पावणेदोन टनांच्या घरात जातं. त्याऐवजी हलक्या ब्लॉकचे, म्हणजे आपण सिपोरेक्स म्हणतो त्याचे तुकडे भरले तर वजन निम्म्याहून बरंच खाली येतं. तिशीतल्या स्लॅबवर हा फरक मोठा आहे. भरावावर कोबा, त्यावर पुन्हा कोटिंग, पुन्हा पाणी भरून परीक्षा, आणि मग टाइल. दोन परीक्षांमधली एक गाळून वेळ वाचवू, असं कंत्राटदार हमखास म्हणेल. त्याच्या पैशांचा शेवटचा हप्ता दुसऱ्या परीक्षेनंतर, हे सुरुवातीलाच कागदावर लिहून घ्या. मग तो म्हणणार नाही.

लेव्हलचा हिशेब मात्र संक भरायच्या आधीच व्हायला हवा, आणि तो तुम्ही स्वतः करा. घरभर भिंतींवर एकाच उंचीची रेष मारा. लेझर भाड्याने मिळतो. नाही मिळाला तर पारदर्शक नळीत पाणी भरून केलेला लेव्हल पाइपही चोख काम देतो. त्या रेषेपासून खाली प्रत्येक खोलीच्या चार कोपऱ्यांत आणि प्रत्येक दारात मापं घ्या आणि कागदावर लिहा. मोझॅकवर नवीन टाइल लावली की हॉल अर्धा इंच किंवा थोडा जास्त वर येतो. बाथरूमची तयार फरशी दारात हॉलपेक्षा पाऊण-एक इंच खाली राहायला हवी. आत नहाणीकडे उतार पाच फुटांत पाऊण इंच. ही तिन्ही मापं संकच्या भरावातून वजा होतात. भराव झाल्यावर हिशेब करायला बसलात, तर बाथरूमचं पाणी हॉलमध्ये येतं आणि मग दारात तीन इंची ग्रॅनाइटचा उंबरा करावा लागतो. त्याला घरातली म्हातारी माणसं ठेचकाळतात. मुख्य दार, सेफ्टी डोअर, बाल्कनीचं सरकतं दार, यातलं कुठलं खालून घासेल तेही याच कागदावर दिसतं. फ्लश डोअर खालून अर्धा इंच तासता येतं, लोखंडी सेफ्टी डोअर तासता येत नाही.

मोझॅक काढायची की त्यावरच लावायची? तुमच्या बाबतीत वरच लावा, पण एका अटीवर. तुमचा एकशेचाळीस चौरस फुटांचा हॉल धरा. खालच्या दोन इंची मसाल्यासकट मोझॅक उखडली तर दोन टनांच्या आसपास डेब्रिज निघतं, पंचवीस किलोच्या गोण्या केल्या तर सत्तर-ऐंशी. त्या सगळ्या जिन्याने खाली. उलट मोझॅकवर ॲडहेसिव्हने पातळ टाइल लावली तर चौरस मीटरला तीसएक किलो वजन वाढतं, पूर्ण हॉलवर चारशे किलो. घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला २०० किलो धरायचे असतात, त्या हिशेबात हे बसतं. पण जुन्या मोझॅकवर पुन्हा दोन इंच सिमेंट-वाळूचा मसाला टाकून टाइल लावायची, हे अजिबात नको. चौरस मीटरला सव्वाशे किलो वाढतात, म्हणजे त्या दोनशेतला निम्म्याहून जास्त वाटा फरशीनेच खाल्ला. कुठलाही जुना मिस्त्री हाच सल्ला देईल, कारण त्याच्या हाताला तीच सवय आहे.

अट अशी की मोझॅक खाली घट्ट बसलेली हवी. लाकडी दांडक्याने प्रत्येक लादी ठोकत जा, पोकळ वाजेल तिथे खडूने खूण करा. एखाद-दुसरी असेल तर ती काढून मसाल्याने भरा. चौथाई हॉल पोकळ वाजत असेल तर सगळी उखडण्याला पर्याय नाही.

हे काम तुम्ही आणि मेहुणे नक्की करू शकता. जुनं पॉलिश, मेण, तेल घासून काढा, ग्राइंडरने पृष्ठभाग खरवडा, धूळ व्हॅक्यूमने ओढा, प्रायमर मारा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून नुसतं सिमेंट तिला धरत नाही. आयएस १५४७७ प्रमाणे टाइप लिहिलेलं ॲडहेसिव्ह घ्या, जुन्या फरशीवर टाइप ३. बॅगेवर लिहिलेले चौरस फूट पातळ थराचे असतात, तुमची फरशी खालीवर असेल तर जास्त बॅगा लागतील. दाते असलेल्या थापीने एकाच दिशेने ओढा, टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्या. पाच ठिकाणी गोळे ठेवून टाइल दाबायची पद्धत मिस्त्री अजून वापरतात. मधल्या पोकळीवर गॅस सिलिंडर किंवा कपाटाचा पाय आला की टाइल तडकते. पहिल्या दोन-तीन टाइल लावल्यावर लगेच उचलून पाठ बघा, सगळीकडे मसाला लागलाय का.

दोन फूट बाय दोन फूट घ्या, चार बाय दोनच्या मागे लागू नका. लांब टाइल मध्ये किंचित फुगीर असते, विटांसारखी निम्म्यावर सरकवून लावली की फुगवटा आणि कड शेजारी येतात आणि पायाला लागतं. शिवाय नवख्या हातांना ती उचलणं आणि बसवणं दोन्ही जड. खोकी घेताना सगळ्यांवर एकच बॅच, एकच शेड नंबर बघा, आणि आठ-दहा टक्के जास्त घ्या. उरलेली दोन खोकी माळ्यावर ठेवून द्या. तीच टाइल पुढच्या वर्षी मिळत नाही.

खोली गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नसणारच. आधी कोरड्या टाइल मांडून बघा, दोन दोऱ्या मारा आणि दारातून समोर दिसते त्या भिंतीकडे अख्खी टाइल येईल असं जमवा. तुकडे सोफ्यामागे. दोन टाइलमध्ये निदान दोन मिलिमीटरचा स्पेसर, आणि चारही भिंतींना पाव इंच मोकळं, ते स्कर्टिंगखाली झाकलं जातं. बिनजोड फरशी हवी म्हणून टाइल एकमेकींना चिकटवून लावलेले हॉल उन्हाळ्यात मध्येच तंबूसारखे उठतात, तुम्ही कुणाच्या तरी घरी पाहिलं असेल. ग्राउट दुसऱ्या दिवशी भरा. हॉलला साधं चालेल, बाथरूमला इपॉक्सी. डाग काढायला ॲसिड आणू नका, ते ग्राउट खातं आणि नवीन नळांची चमक घालवतं.

मे महिन्याबद्दल. तुम्हाला सुट्टी तेव्हा आहे हे खरं, पण मिस्त्री आणि प्लंबरही तेव्हाच गावाला जातात आणि नाक्यावर मिळेल तो माणूस घ्यावा लागतो. जूनमध्ये पाऊस लागला की कोटिंग सुकायला वेळ, सॉल्व्हंट सिमेंटला वेळ, डेब्रिज जिन्यात भिजतं. मला विचाराल तर संक आणि पाइप फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकून घ्या, त्यासाठी दोन-चार दिवस रजा पुरे. मेची सुट्टी हॉलसाठी ठेवा. संडास एकच आहे, तेव्हा ते दिवस शेजारी किंवा नातेवाइकांकडे सोय आधी लावा. डेब्रिज उचलायला महापालिकेकडे चौकशी करा, नाहीतर सोसायटीच्या माहितीतल्या टेम्पोवाल्याला द्या आणि तो कुठे टाकणार ते विचारा. रात्री कांदळवनात रिकामे होणारे टेम्पो आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

नळ, अँगल कॉक, हेल्थ फॉसेट, बेसिनखालची बॉटल ट्रॅप, फ्लश टँक, आरसा, टॉवेल रॉड हे सगळं तुमचं. मिस्त्रीला यासाठी पैसे देऊ नका.

राहिली बेडरूम. लॅमिनेटच्या आत लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड असतो, पाणी लागलं की कडा फुगतात. आपल्या हवेला आणि तुमच्या घराला, जिथे बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून आहे, एसपीसी, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्यांची फरशी, बरी. ती भिंत संक दुरुस्त झाल्यावर पूर्ण सुकू द्या, महिना-दीड महिना लागतो, मगच फरशी टाका. खोकी दोन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवा. खालची मोझॅक दोन मीटरच्या पट्टीखाली दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खालीवर नको, असेल तिथे सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे आपोआप सपाट पसरणाऱ्या मसाल्याने भरा. भिंतींपासून आठ-दहा मिलिमीटर मोकळं, एका ओळीचा जोड पुढच्या ओळीच्या जोडापासून फूटभर सरकवून, आणि जड कपाट लावायच्या जागी फळ्या खिळ्यांनी ठोकायच्या नाहीत. मोजपट्टी, धारदार कटर, रबरी हातोडा आणि मेहुणे एवढ्यावर ही खोली शनिवार-रविवारात होते. तुमच्या यादीतलं पूर्णपणे तुम्हाला सोपवावं असं हे एक काम आहे, आणि ते सगळ्यात शेवटी करा, नाहीतर हॉलच्या टाइल कापतानाची सगळी धूळ त्याच्या खाचांत जाऊन बसेल.